आईसाठी मिस्सा



नोव्हेंबर महिना आपण आपल्या मृतांसाठी राखून ठेवतो. २ तारखेच्या स्मरणदिनाच्या आधीपासूनच मिस्सेच्या हेतूंची वही भरू लागते, आणि पानोपानी 'आई' हा शब्द दिसतो. याच दिवसांत एक प्रश्न हमखास येतो, तोही दबक्या आवाजात : "फादर, आमची आई ख्रिस्ती नव्हती. तिच्यासाठी मिस्सा चालेल का?" परळ-लालबागच्या चाळींत एका खोलीत क्रूस तर शेजारच्या खोलीत देव्हारा, कधी एकाच भिंतीवर दोन्ही. तिथे हा प्रश्न पडणारच.

उत्तर सरळ आहे : चालेल. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील ९०१ व्या नियमाप्रमाणे धर्मगुरू जिवंत वा मृत, कोणासाठीही मिस्साबलिदान अर्पण करू शकतो. बाप्तिस्म्याची अट त्या नियमात नाही. स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळले नाही, पण जे प्रामाणिकपणे देवाला शोधत सद्सद्विवेकाने जगले, त्यांनाही तारण मिळू शकते, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्येच स्पष्ट केले आहे.

नियम एवढाच. पण आईची आठवण करायची म्हणजे नेमके काय करायचे? सेमिनरीत आम्हाला संत ऑगस्टीनचे स्मरणशक्तीवरचे विवेचन अभ्यासावे लागे. ते त्याच्या आत्मकथनाच्या दहाव्या भागात आहे. मला मात्र त्याआधीचा नववा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात त्याच्या आईचे मरण आहे. ३८७ साली रोमजवळच्या ओस्तिया बंदरात मोनिका आजारी पडली. आफ्रिकेत, पतीशेजारी आपल्याला पुरावे, ही तिची कितीतरी वर्षांची इच्छा. शेवटी तीही तिने सोडली. माझा देह कुठेही ठेवा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा, असे तिने मुलांना सांगितले. ऑगस्टीन तिचा आणखी एक गुण आवर्जून नोंदवतो : भांडलेल्या दोघींपैकी एकीचे कडू शब्द ती दुसरीच्या कानावर घालत नसे, समेट घडेल तेवढेच बोले. (सामायिक नळावर पाणी भरलेल्यांना ही सेवा किती अवघड आहे, ते सांगायला नको.)

मोनिका ख्रिस्ती होती, संतपदाला पोचली. ज्यांची आई ख्रिस्ती नव्हती त्यांनी पंडिता रमाबाईंकडे पाहावे. रमाबाई आपल्या कॅथलिक पंथाच्या नव्हेत. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा झाला. त्यांच्या आई लक्ष्मीबाई डोंगरे हिंदू म्हणून जगल्या आणि हिंदू म्हणूनच वारल्या. गंगामूळच्या रानातील आश्रमात त्या विद्यार्थ्यांचे आणि आल्यागेल्या यात्रेकरूंचे करत. या आतिथ्यापायी घर ओढगस्तीला आले. तरीही घरच्या कामाला लागण्याआधी, पहाटे लहानग्या रमाला झोपेतून गोंजारून उठवून त्या संस्कृत शिकवत.

१८७४ च्या सुमारास दुष्काळात वडील गेले, पाठोपाठ आईही. आईसाठी भाकरीचा तुकडा मागायला रमा एका घरी गेली, तर तोंडातून शब्द फुटेना. तुकडा मिळाला, पण तो खाण्याचेही त्राण आईत उरले नव्हते. तिरडीला खांदा द्यायला दोघेच आले. तिसरा भाऊ आणि चौथी रमा. उंची कमी पडल्याने रमाने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. स्मशान तीन मैलांवर होते.

पुढे १८८७ मध्ये अमेरिकेत रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, ते आईच्या स्मृतीला अर्पण केले. ख्रिस्ती होऊन चार वर्षे झाली होती. तरी आपल्या आयुष्याला प्रकाश आणि दिशा देणारी म्हणून त्यांनी आईचेच नाव घेतले. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू केले, मुख्यतः विधवा मुलींच्या शिक्षणासाठी. पहाटेचा तो धडा आता परक्यांच्या मुलींना मिळू लागला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यांना केडगावला आसरा मिळाला. मुक्ती मिशनचे काम तिथे आजही चालू आहे. भाकरीचा तो तुकडा रमाबाई विसरल्या नव्हत्या, असे मला वाटते.

आपल्या आयांनीही पुष्कळांचे केले. मिलच्या पाळीवरून येणाऱ्या गाववाल्यांना जेवू घातले, टाटा हॉस्पिटलला गावाहून आलेल्या पेशंटच्या माणसांना खोलीत अंथरुणापुरती जागा दिली, शेजारणीची बाळंतपणे काढली. त्या गेल्यावर फोटोला हार चढतो. पण ज्यांचे त्या करत त्यांच्याकडे कोण जाते?

मिस्सेच्या हेतूच्या पाकिटावर आईचे पूर्ण नाव स्वच्छ अक्षरात लिहावे. धर्म लिहिण्याची गरज नाही. ती ज्यांचे करत असे, त्यांपैकी जे हयात आहेत त्यांना त्या दिवशी बरोबर घेऊन या. कोणाला जिना उतरवत नसेल, तर मिस्सेनंतर त्यांच्याकडे जाऊन या. जाताना डबा घेऊन जा.