कवडशातील कण

परभणीच्या परिसरात माळवदाची जुनी घरे अद्यापही आढळतात. दुपारी झरोक्यातून उन्हाचा कवडसा आत उतरला, की त्यात धुळीचे असंख्य कण तरंगताना दिसतात. वैशेषिक दर्शनाने अशा कणाला ‘त्रसरेणू’ म्हटले आहे. या दर्शनाचे प्रणेते कणाद मुनी होत. ‘कणाद’ म्हणजे कण खाणारा! दोन परमाणू मिळून एक द्व्यणुक होते आणि तीन द्व्यणुके मिळून डोळ्यांना दिसणारा त्रसरेणू होतो, अशी या दर्शनाची मांडणी होती. ती विचारातून निघाली, प्रयोगातून नव्हे. म्हणून आजच्या रसायनशास्त्राशी तिची सरमिसळ करू नये.

ग्रीस देशात डिमॉक्रिटस याने पदार्थाच्या अंतिम कणाला ‘अॅटमॉस’, म्हणजे ‘जो कापता येत नाही तो’, असे नाव दिले. यातील नकारार्थी ‘अ’ हा आपल्या ‘अखंड’, ‘अशक्य’ या शब्दांतील ‘अ’चाच सोयरा होय. इंग्रजी ‘अॅटम’ हा शब्द तेथूनच आला. १८०८ साली जॉन डाल्टन यांनी आपल्या ग्रंथात तोच वापरला. पुढे १८९७ साली जे. जे. टॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचा शोध लावला आणि या ‘न कापता येणाऱ्या’ कणालाही अंतर्भाग आहेत, हे उघड झाले. अर्थ खोटा ठरला. नाव तेवढे टिकले. मराठी ‘अणू’वर मात्र ही आपत्ती ओढवली नाही, कारण त्याचा मूळ अर्थ केवळ ‘अतिसूक्ष्म’ एवढाच आहे.

‘मॉलिक्यूल’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ढिगाचा वाचक शब्द आहे. मराठीने त्यासाठी ‘रेणू’ म्हणजे धूळ हा शब्द योजला. कवडसा पाहिलेल्याला तो सहज पटावा!

परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. तेव्हा माध्यमिक शाळांत उर्दूतून शिकवीत. उर्दूत अणूला ‘जौहर’ म्हणतात, आणि जौहर म्हणजे रत्नही! हिंदीची गोष्ट अधिक फसवी आहे. आपला अणू तो हिंदीचा ‘परमाणु’, आणि हिंदीचा ‘अणु’ तो आपला रेणू. त्यामुळे हिंदी पुस्तकात ‘पानी का अणु’ वाचून एखाद्या विद्यार्थ्याने मराठीत ‘पाण्याचा अणू’ असे लिहिले, तर ते उत्तर चुकले. पाण्याचा असतो तो रेणू. त्यात हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक, असे तीन अणू असतात.