निर्जंतुक पाणी आणि प्रतिजैविके

निर्जंतुक केलेले पाणी सर्वस्वी निर्धोक असते, असा आपला समज आहे. हा समज आता तपासून पाहणे अवश्य झाले आहे.

हैदराबादजवळील पाटणचेरू येथे औषध-कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लोक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. २०११ साली दिल्लीच्या नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ नमुन्यांत ‘एनडीएम-१’ हे जनुक आढळल्याचे जाहीर झाले. हे जनुक बाळगणारे जंतू, वैद्यांनी अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या कार्बापेनेम वर्गातील औषधांनाही दाद देत नाहीत.

येथे दोन निरनिराळे दोष आहेत. पहिला, औषधाचा अंश. त्याच्या सहवासात दुर्बल जंतू मरतात व प्रतिकारक्षम जंतूंची वाढ होते. दुसरा, प्रतिकाराचे जनुक. जंतू मेला तरी त्याचे जनुक पाण्यात काही काळ टिकू शकते आणि दुसरा जिवंत जंतू ते ग्रहण करू शकतो. मृत जंतूंचा गुण जिवंत जंतूंत उतरतो, हे ग्रिफिथ यांनी १९२८ साली दाखविले. तो गुण डीएनए वाहून नेतो, हे एव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली सिद्ध केले.

मग उपाय कोणता? तुरटी व वाळूची गाळणी यांनी गाळाबरोबर पुष्कळसे जंतू निघतात. परंतु विरघळलेले औषध बहुतांशी तसेच राहते. क्लोरिन जंतूंना मारतो, पण नेहमीच्या मात्रेने जनुकाचा पूर्ण नाश होईलच असे नाही. अतिनील किरणांचेही तसेच. जंतू मारण्यास पुरते त्याहून कितीतरी अधिक मात्रा जनुक मोडण्यास लागते. ओझोन अनेक प्रतिजैविकांचे रेणू फोडतो. सक्रिय कोळसा त्यांना आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो, मात्र तो वेळोवेळी बदलावा लागतो. अतिसूक्ष्म छिद्रांचे पडदे औषध व जनुक दोहोंनाही बहुतांशी अडवितात; परंतु अडविलेला मळ उरलेल्या पाण्यात साठतो आणि त्याची विल्हेवाट लावावीच लागते.

ह्यावरून दिसून येईल की, एकच उपाय पुरेसा नाही. कारखाने व रुग्णालये यांचे सांडपाणी उगमाशीच शुद्ध करणे आणि गळक्या नळांत मैला शिरू न देणे, हे अधिक श्रेयस्कर होय. घरी मात्र पाणी उकळण्याची सवय सोडू नये. उकळण्याने औषधाचा अंश जाईलच असे नाही. तथापि रोगाचे जिवंत जंतू मरतात, आणि आजचा मोठा धोका त्यांचाच आहे.