ध्रुवाजवळच्या विद्यापीठांतील पहिला धडा

विद्यापीठांत संशोधकाची जागा मिळाली म्हणजे मनुष्य प्रथम ग्रंथालय किंवा प्रयोगशाळा शोधतो. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहांत मात्र पाहणीस बाहेर पडण्यापूर्वीं त्यास बंदूक धरावयास शिकवितात! तेथें ७८ उत्तर अक्षांशावरील लाँगयेअरब्येन गांवीं १९९३ सालीं विद्यापीठकेंद्र निघालें. हिमनद्या, भूस्तर, समुद्रजीव व वातावरण यांचा अभ्यास त्यांत चालतो. परंतु अभ्यासाचीं स्थळें गांवाबाहेर, आणि गांवाबाहेर पांढरें अस्वल. १९७३ पासून त्यास कायद्याचें संरक्षण असल्यामुळें बंदूक हा अगदीं शेवटचा उपाय. अस्वल दूर दिसतांच आपणच माघार घ्यावी, असा दंडक आहे. आम्हांस यांत भित्रेपणा दिसत नाहीं. राहिलेलें मोजमाप पुढील वर्षीं घेतां येतें.

दुसरी परीक्षा काळोखाची. कार्तिकाच्या सुमारास मावळलेला सूर्य माघापर्यंत क्षितिजावर येत नाहीं; भोंवतालच्या डोंगरांमुळें गांवांत त्याचे किरण पडावयास तर मार्च उजाडतो. तेव्हां जुन्या इस्पितळाच्या पायऱ्यांपाशीं लहानथोर त्याच्या स्वागतास जमतात.

याच द्वीपसमूहांत, न्यू-ऑलेसुंड येथें, २००८ पासून भारताचें 'हिमाद्रि' हें संशोधनकेंद्र आहे. तेव्हां आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणास ती बंदूक कधींच धरावी लागणार नाहीं, असें आम्ही म्हणणार नाहीं.