भिंतीवर लागण्याआधी

चि. मृण्मयीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांच्या हाती एकाच वेळी कॅमेरा आणि लेखणी देणाऱ्या शिक्षकावर वेगळीच जबाबदारी येते. कारण छायाचित्र एखाद्या माणसाचा चेहरा चारचौघांपुढे ठेवते, लेखन त्या चेहऱ्यामागची हकीकत सांगते, आणि दोन्ही एकत्र आली की त्या माणसाला लपायला जागा उरत नाही. हे पत्र लिहिण्याचे कारण चिपळूणहून आलेली एक बातमी हे आहे. मृण्मयीच्या वर्गातील नववीच्या एका मुलाने दारू पिऊन पडवीत पडलेल्या स्वतःच्या वडिलांचे छायाचित्र काढले, त्याखाली पानभर मजकूर लिहिला आणि ते दोन्ही शाळेच्या प्रदर्शनात लागले. कुणीतरी ते मोबाइलवर टिपून गावातल्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरवले, मुलाच्या आईने बचत गटाच्या बैठकीला जाणे सोडले, आणि मुलगा वर्गाला येईनासा झाला, असे कळते. बेबीमावशीच्या सांगण्यात निम्मे तिखटमीठ असते हे घरात सर्वांना ठाऊक आहे. परंतु या वेळी शरदनेही तेच सांगितले, आणि शरद वाढवून बोलणाऱ्यांतला नाही.

त्या वडिलांना कुणी विचारले होते का, हा प्रश्न बातमी आल्यापासून हे पत्र लिहिणाऱ्या मामांच्या मनातून हललेला नाही. मुलाने विचारले नसेल तर ते त्याच्या वयाला धरून झाले; पण चित्र भिंतीवर लावण्यापूर्वी शिक्षिकेने विचारले नसेल, तर ती गोष्ट सहज सोडून देण्यासारखी नाही. ज्या घरात आजी शेजारणींना त्यांची पत्रे वाचून दाखवीत असे आणि वाचायला बसण्यापूर्वी मुलांना अंगणात पिटाळीत असे, त्या घरातल्या मुलीला दुसऱ्याच्या दुःखाचा आडोसा कसा जपावा हे नव्याने सांगावे लागू नये. हे शब्द कठोर वाटतील. ते तसेच राहू द्यावेत, कारण पुढे जे लिहिले आहे ते याहून मऊ आहे.

वर्ग बंद करावा, असा या पत्राचा अर्थ मृण्मयीने मुळीच काढू नये. ही दोन शिक्षणे एकत्र देण्यात जे बळ आहे ते मामांनी तिनेच दिवाळीत पाठवलेल्या कामांत पाहिले आहे. मराठी शाळेतील मुलगा निबंध लिहायला बसतो तेव्हा पावसाळ्यातील दिवसासाठी त्याच्याकडे रिमझिम सरी आणि हिरवा शालू आधीच तयार असतात, आणि फाटक्या पुस्तकाच्या आत्मवृत्तासाठी एक ठरलेला निःश्वासही असतो. ही भाषा त्याने पाहून कमावलेली नसते, तर उत्तरपत्रिकेसाठी साठवलेली असते. त्याच मुलासमोर त्यानेच काढलेले छायाचित्र ठेवले की ही साठवण निरुपयोगी ठरते. पुराची रेघ टिपणाऱ्या मुलीचे काम याचा पुरावा आहे. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा ती प्राथमिक शाळेत होती. तिच्या छायाचित्रात स्वयंपाकघराची भिंत आहे, दोनदा रंग देऊनही उन्हाळ्यात पुन्हा उमटलेली तपकिरी रेघ आहे, आणि त्या रेघेच्या वीतभर खाली एका स्क्रूवर लोंबणारा स्विचबोर्ड आहे. तिच्या लेखनात मात्र रेघेचा उल्लेखही नाही. त्यात तांदळाचे पिंप माळ्यावर चढवणारी आई आहे, चिखलाचा वास आहे, आणि पाणी ओसरल्यावर घरातले पहिले कोणते भांडे धुतले गेले याची नोंद आहे. चित्रात जे दिसते ते शब्दांनी पुन्हा सांगायचे नाही, हे तिला कळले आहे. ते तिला शिकवले असेल तर मृण्मयीचे अर्धे काम आधीच सार्थकी लागले आहे.

या पद्धतीला पूर्वपरंपराही आहे. अमेरिकन छायाचित्रकार वेंडी ईवाल्ड यांनी 1975 पासून केंटकी राज्यातील ॲपलाचियन डोंगराळ भागात, कोळशाच्या खाणींच्या गावांमध्ये, शाळकरी मुलांना साधे कॅमेरे वापरायला आणि स्वतःची चित्रे स्वतः धुऊन छापायला शिकवले. विषय मोजके असत: स्वतः, कुटुंब, प्राणी आणि स्वप्ने. त्यांपैकी स्वप्नांचा विषय शिक्षकाने विशेष विचारात घेण्याजोगा आहे. कारण स्वप्नाचे छायाचित्र काढायचे तर ते आधी सांगावे किंवा लिहावे लागते, मग त्यासाठी जागा, माणूस आणि कपडे ठरवून प्रसंग उभा करावा लागतो, आणि या खटाटोपात मुलाला उमगते की कॅमेरा केवळ समोरचे टिपत नाही, त्याच्याकडून काही रचूनही घेता येते. त्या मुलांची चित्रे आणि हकीकती 1985 मध्ये ‘पोर्ट्रेट्स अँड ड्रीम्स’ या पुस्तकात आल्या. ईवाल्ड पुढे गुजरातमधील विच्या या गावीही मुलांसोबत राहून काम करून गेल्या, आणि त्यातून 1996 मध्ये आणखी एक पुस्तक निघाले. त्यांच्या कामातील सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट मात्र बरीच उशिरा घडली: केंटकीतील ती मुले प्रौढ झाल्यावर त्या पुन्हा त्यांच्याकडे गेल्या, आणि त्या चित्रांचे त्यांच्या आयुष्यात पुढे काय झाले हे त्यांच्याच तोंडून ऐकून 2020 मध्ये त्यावर चित्रपट केला. वर्ग संपल्यावरही चित्रे संपत नाहीत, याचे भान त्या परतीच्या प्रवासात आहे.

हे भान नसल्यास काय होते, याचे उदाहरण त्याच देशात सापडते. मार्च 1936 मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे, वाटाण्याच्या तोडणीसाठी आलेल्या मजुरांच्या छावणीत, डोरोथिया लँग यांनी फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन या 32 वर्षांच्या आईचे छायाचित्र काढले. ‘मायग्रंट मदर’ या नावाने ते जगभर गेले. लँग यांनी तिचे नाव विचारले नव्हते. चित्रासोबतच्या टिपणात त्यांनी या आईने गाडीचे टायर विकून अन्न आणल्याचे लिहिले, ते तिच्या कुटुंबाने पुढे नाकारले. चित्रे छापून आल्यावर छावणीत अन्न पोहोचले, पण तोवर ते कुटुंब तिथून निघून गेले होते. 1978 मध्ये ती स्त्री सापडली तेव्हा, हे चित्र काढलेच गेले नसते तर बरे झाले असते, अशी तिची भावना तिने बोलून दाखवली. लँग यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही, आणि चित्रही थोर आहे. तरीही त्यातल्या बाईला नावही विचारले नव्हते, ही गोष्ट त्या थोरपणाने पुसली जात नाही. पडवीतल्या त्या माणसाला कुणी विचारले होते का, येथपर्यंत पत्र पुन्हा येऊन पोहोचते.

यात आजच्या मोबाइलची भर पडते. रात्रीच्या चित्रणाची सोय, म्हणजे अंधारात एकापाठोपाठ अनेक चित्रे घेऊन त्यांतील प्रकाश एकत्र करणारी यंत्रणा, पडवीतला अंधार उजळून टाकते. रस्त्याने जाणाऱ्याला जे उघड्या डोळ्यांनी दिसले नसते ते पडद्यावर स्पष्ट दिसते. शिवाय स्थाननोंद चालू असेल तर चित्र कोठे काढले याची माहितीही त्या फाइलमध्ये राहते. नववीच्या मुलाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. एक्स्पोजर, म्हणजे चित्र उमटण्यासाठी कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा याचे प्रमाण, शिकवताना मृण्मयीने हेही शिकवावे की हे प्रमाण हाताने कमी करता येते, आणि एखादा चेहरा अंधारात राहू देणे हाही छायाचित्रकाराचा निर्णय असू शकतो.

मामांच्या तरुणपणी अशा निर्णयांची जाणीव करून देणारे कुणी नव्हते. त्यांच्याकडे आग्फा क्लिक थ्री होता, एका रोलवर बारा चित्रे देणारा, आणि रोल महाग म्हणून प्रत्येक चित्र जपून काढले जाई. आजी, काकू, माहेरपणाला आलेल्या आत्या, सर्वांची चित्रे त्यात आहेत. नाही ते एकही अक्षर. कुणाच्याही चित्रामागे नाव नाही, साल नाही, ती त्या वेळी काय म्हणाली ते नाही. पुरात अल्बमची पाने एकमेकांना चिकटली आणि जे थोडे सुटे निघाले त्यांत तुळशीवृंदावनापाशी उभ्या असलेल्या तीन स्त्रिया आहेत, ज्यांतल्या दोघींना आता घरात कुणीही ओळखू शकत नाही. आजी 1983 पर्यंत होती. तिला विचारता आले असते. ती दुपारी निवडायला बसे तेव्हा वेळही असे, आणि तिला सांगायला आवडेही. तेव्हा चित्र पुरेसे वाटत होते. मृण्मयीच्या मुलांना ते पुरेसे वाटणार नाही, ही मामांना तिच्या वर्गाविषयी वाटणाऱ्या जिव्हाळ्याची खरी जागा आहे, आणि त्यामुळेच या बातमीने झोप उडवली आहे.

आता जे करता येण्याजोगे आहे त्याविषयी. चित्र काढणे आणि चित्र दाखवणे या दोन निरनिराळ्या कृती आहेत, आणि त्यांच्यामध्ये लेखनाला बसवावे. मुलाने घरातले जे काही टिपले असेल ते आधी वहीत लिहावे, ती वही केवळ शिक्षिकेने वाचावी, आणि भिंतीवर काय जाईल हे त्यानंतर, चित्रातल्या माणसाला विचारून ठरावे. फ्रेंच विचारवंत रोलां बार्थ यांनी छायाचित्रणावरील आपल्या 1980 च्या पुस्तकात आईच्या बालपणीच्या एका छायाचित्राविषयी पानेच्या पाने लिहिली आहेत. पुस्तकात इतर अनेक छायाचित्रे छापली आहेत, ते मात्र नाही. वाचकाला ते चित्र कधीच दिसत नाही, आणि तरीही पुस्तकातले तेच सर्वांत ठळकपणे लक्षात राहते. पंधरा वर्षांच्या मुलांना बार्थ वाचायला देण्याची गरज नाही. पण न दाखवलेल्या चित्रावर लिहिण्याचा एक पाठ त्यांना अवश्य द्यावा. पुरात ज्यांच्या घरचे अल्बम गेले अशी मुले त्या वर्गात असतीलच. त्यांना तो पाठ समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरी वाट जिम गोल्डबर्ग यांची आहे. सॅन फ्रान्सिस्कोतील गरीब आणि श्रीमंत घरांतील माणसांची छायाचित्रे काढून, प्रत्येकाला आपापल्या चित्राखाली स्वतःच्या अक्षरात जे वाटेल ते लिहायला त्यांनी सांगितले, आणि तो संग्रह 1985 मध्ये ‘रिच अँड पूअर’ या नावाने प्रसिद्ध झाला. फोटोओळ, म्हणजे चित्राखाली छापला जाणारा मजकूर, सहसा चित्र काढणाऱ्याच्या हाती असते; येथे ती चित्रातल्या माणसाच्या हाती गेली. त्या वडिलांनी शुद्धीवर असताना स्वतःच्या चित्राखाली काय लिहिले असते, किंवा चित्र फाडून टाकले असते, हे सांगता येत नाही. फाडले असते तरी ते त्यांचे उत्तर ठरले असते, आणि मुलाला ते मिळायला हवे होते.

एका बाबतीत मात्र परवानगीची वाट पाहू नये. वहीतल्या मजकुरातून मुलाला मारहाण होते, किंवा त्याच्याशी कुणी गैरवर्तन करते असे दिसले, तर तो मजकूर ललित लेखन म्हणून तपासायचा नसतो. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेली असावी. आणि गोष्ट लैंगिक अत्याचाराची असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ती कळवणे हे कर्तव्यच आहे, तेथे शाळेच्या नावाचा विचार आड येऊ नये.

ज्या मुलाने ते चित्र काढले, त्याच्यावर या सर्व चर्चेचा भार पडू नये. तो मजकूर शरदने वाचला आहे. त्यात बापाची निंदा नव्हती. गार लादीवर झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावे की नको, घातले तर तो जागा होईल का, एवढाच विचार होता, असे शरद सांगतो. म्हणजे त्या मुलाने पानभर लिहून जे केले ते काळजीचे काम होते, आणि गावाने त्याची बदनामी केली. ते लिहिणे थांबले तर फार मोठे नुकसान होईल. मृण्मयीने त्याच्या घरी जावे. वही किंवा कॅमेरा बरोबर नेऊ नये. आईशी आधी बोलावे, आणि चित्र भिंतीवर लावण्याचा निर्णय मुलाचा नव्हता, तो शाळेने घेतला, हे तिच्यासमोर स्पष्ट सांगावे. वडील घरी असतील तर त्यांनाही नमस्कार करून तेच सांगावे. ते ओरडले तर ऐकून घ्यावे. मुलाला ‘परत ये’ असा आग्रह न करता, त्याची जागा वर्गात रिकामी ठेवली आहे एवढे त्याच्या कानावर घालावे.

मृण्मयी दोन आठवडे नीट जेवत नाही आणि कुणाशी बोलत नाही, हे तिच्या आईने मामींना सांगितले आहे, मामांना नव्हे; परंतु या घरात अशा गोष्टी भिंतीपलीकडे ऐकू येतात. तिच्या जागी दुसरे कुणी असते तर इतके लागलेही नसते. शिमग्याला पालखी घरी येण्याच्या आदल्या दिवशी मामा-मामी चिपळूणला पोहोचतील. तोवर तिने रात्र रात्र जागून वह्या तपासणे थांबवावे, वेळेवर जेवावे, आणि तो मुलगा वर्गात आला त्या दिवशी, बाकी काही लिहायला सवड नसली तरी, ‘आला’ एवढे दोन अक्षरांचे उत्तर पाठवावे.

कळावे, लोभ असावा.