आसरा देणारी घरे
(वरच्या इयत्तांसाठी इतिहासाचा पूरक पाठ)

९ ऑगस्ट १९४२ रोजी राष्ट्रीय पुढाऱ्यांना अटक झाली आणि सातारा जिल्ह्यातील अनेक कार्यकर्ते भूमिगत झाले. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा याच जिल्ह्यात होता; १९४९ साली तो वेगळा झाला. येडेमच्छिंद्रचे नाना पाटील यांना पकडून देणाऱ्यास सरकारने बक्षीस लावले होते, तरी १९४६ पर्यंत ते हाती लागले नाहीत. मग इतकी वर्षे ते आणि त्यांचे सहकारी कोठे जेवले, कोठे निजले? पाठाचा आरंभ या प्रश्नाने करावा.

उत्तर आपल्याच गावांत आहे. प्रतिसरकारचा कारभार चालला तो शेतकऱ्यांच्या घरांच्या आधारावर. रात्री आलेल्या पाहुण्याला भाकरी वाढावयाची, पहाटे शेतात पोहोचवावयाचे, आणि पोलिसांनी दरडावून विचारले तरी मौन पाळावयाचे, एवढेच ते काम. परंतु त्यापायी तुरुंग घडण्याची धास्ती असे. हे मौन घरातील बायकामुलांनाही पाळावे लागे.

त्याच सुमारास युरोपात नाझी सत्ता ज्यू लोकांचा संहार करीत होती. पोलंडमध्ये ज्यूंस आसरा देणाऱ्यास देहान्ताची शिक्षा होती. तरीही काही कुटुंबांनी त्यांना माळ्यावर, तळघरात, गोठ्यात लपविले. या दोन गोष्टी सारख्या नव्हेत, हे मुलांना स्पष्ट सांगावे. आपल्याकडील माणसे लढ्यात उतरली म्हणून लपली. तेथील माणसांचा ज्यू म्हणून जन्मण्यावाचून दुसरा अपराध नव्हता. दार उघडणाऱ्याचे धैर्य मात्र एकाच जातीचे.

इस्रायलमधील याद वाशेम या संस्थेने अशा २८,००० हून अधिक माणसांची नावे नोंदविली आहेत. वाचलेल्यांच्या साक्षी त्यासाठी मोलाच्या ठरल्या. आपल्याकडे पुढाऱ्यांची नावे पुस्तकांत आहेत, पण भाकरी देणाऱ्या पुष्कळ घरांची नाहीत.

शिक्षकांस सूचना : १९४२ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदी ओलांडून गेले आहे. म्हणून विलंब करू नये. मुलांनी गावातील वृद्धांस भेटून ऐकलेले त्यांच्याच शब्दांत वहीत उतरावे. सांगणाऱ्याचे नाव व तारीख लिहावी. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांवर आलेले निराळे मांडावे. प्रतिसरकारच्या शिक्षांची किंवा भीतीची आठवण कोणी सांगितली, तर तीही गाळू नये. भीतीने ज्यांचे दार उघडले नाही त्यांची हेटाळणी होऊ देऊ नये; भय किती खरे होते हे कळल्यावाचून धैर्याची किंमत मुलांना कळणार नाही.