जात्यावरील दोघी

शास्त्रपाठ : यिर्मया २५:८–११, मत्तय ६:५–८, २४:३६–४४, २६:३६–४६.

खेड्यातील मंडळीत काम करणारे बंधु कधी उघडपणे आणि पुष्कळदा मनातल्या मनात अशी तक्रार करितात की, आमचे दिवस सारे एकसारखे. तीच घरे, तीच प्रार्थना, तीच दहापाच गीते, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. भगिनींचे गाऱ्हाणे तर ह्याहून जुने आहे. पाणी, शेण, चूल, भाकरी. आज उरकलेले काम उद्या सकाळी जसेच्या तसे पुढे उभे! अशा जिण्यात देवाने काय अर्थ ठेविला आहे, हा प्रश्न पोरकट नव्हे. तो न सुटल्यामुळे कित्येकांची श्रद्धा, कोणाशी वाद न होता, नुसती झिजून गेली आहे.

ह्या प्रश्नाचा विचार आपण जात्यापाशी बसून करू. आपल्या आजी-पणजींचा त्याच्याशी निकट परिचय होता, आणि पवित्र शास्त्रातही ते पुष्कळदा आले आहे.

शास्त्र जात्याचे कष्ट झाकीत नाही. मिसर देशातील अगदी खालच्या पायरीवरचे माणूस दाखवावयाचे झाले तेव्हा जात्यामागे बसलेली दासी दाखविली आहे (निर्गम ११:५). पलिष्ट्यांनी शमशोनाचे डोळे काढून त्यास बंदिशाळेत दळावयास लाविले (शास्ते १६:२१). तेव्हा दळणे मुळातच गोड असते असे कोणी सांगू नये. पहाटेच्या अंधारात उठून ज्यांनी घरादाराचे दळण दळले त्यांस तर मुळीच सांगू नये. गावात पिठाची गिरणी आली ही देवाची दयाच होय. परंतु तेच शास्त्र म्हणते की, कोणी कोणाचे जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण ते त्याचा जीवच गहाण घेण्यासारखे आहे (अनुवाद २४:६). आणि यहूदावर येणाऱ्या नाशात काय काय नाहीसे होईल ते यिर्मया सांगतो, तेव्हा वधूवरांच्या आनंदाच्या जोडीला तो जात्याची घरघर व दिव्याचा उजेड ठेवितो. ज्या घरघरीचा आपणांस कंटाळा, तिला संदेष्ट्याने लग्नाच्या पंक्तीस बसविले आहे.

आता आपल्या महाराष्ट्रातील स्त्रियांनी ह्या घरघरीचे काय केले ते पाहा. हात खुंट्याशी गुंतलेला असे, पण जीभ मोकळी होती. जात्याचा फेरा एकसारखा, म्हणूनच त्यावर शब्द बसले आणि ओवी झाली. अक्षरओळख नसलेल्या बायांनी माहेरची वाट, भावाचे येणे, सासुरवास, तान्ह्याचे दुखणे, सर्व काही तीत घातले. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ ह्यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस खेडोपाडी अशा ओव्या जमविण्याचे काम केले. तो संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे. एवढ्या ओव्या, आणि जाते मात्र तेच! फेरा बदलेल म्हणून कोणी वाट पाहत बसली नाही. वैरणीच्या मुठीबरोबर जे मनात होते ते तिने जात्यात सोडिले.

येथे एखादा शास्त्राभ्यासी बंधु विचारील की, तेच तेच बोलणे प्रभूने निषिद्ध केले ना? होय, पण त्याने निषेधिली ती बडबड, पुष्कळ बोलल्याने देव ऐकेल ही समजूत. त्याच शुभवर्तमानात पुढे गेथशेमाने बागेत प्रभु तिसऱ्यांदा जातो आणि पूर्वीच्याच शब्दांनी प्रार्थना करितो. शब्द नवे नव्हते. तरी त्या प्रार्थनेस पोकळ कोण म्हणेल?

आणि त्या दोघी! एकीला घेतले जाईल, दुसरी ठेविली जाईल (मत्तय २४:४१). हे वचन आपण बहुधा धाक घालण्यासाठी वापरितो. मला त्यात धीरही दिसतो. दोघींचे हात एकाच खुंट्यावर, दळणही एकच. म्हणजे फरक कामात नव्हता. जी सिद्ध होती ती काही जाते टाकून डोंगरावर जाऊन बसली नव्हती. दळताना सापडली आणि सिद्ध सापडली.

जाते झिजून गुळगुळीत झाले की दाणे घसरतात, पीठ पडत नाही. तेव्हा पाथरवटाकडून टाकी लावून घ्यावी लागते. उपदेशकाची प्रार्थनाही अशीच गुळगुळीत होते. ‘आजाऱ्यांस बरे कर’ असे आपण शेकडो वेळा म्हटले असेल. ह्या खेपेस तेथे त्या माणसाचे नाव घ्या, ज्याच्या दारावरून काल आपण आत न जाता पुढे गेलो. जीभ अडखळेल. अडखळू द्यावी.

पुढील रविवारी हा पाठ घेताना मंडळीतील ज्या वृद्ध भगिनीला ओव्या आठवत असतील तिला दोन म्हणावयास सांगा. ती लाजेल, मंदिरात कशा म्हणू असे विचारील. आग्रह करा, आणि एखाद्या मुलीला वही-पेन्सिल घेऊन तिच्याजवळ बसवा.