सांकेतिक किल्ली व वाहनाची सुरक्षितता

शेतमाल बाजारात नेण्यासाठी टेंपो, जीप अथवा मोटार विकत घेणाऱ्या शेतकऱ्याचे मोठे भांडवल त्या वाहनात गुंतलेले असते. पुष्कळदा ते कर्ज काढून घेतलेले असते आणि वाहन चोरीस गेले म्हणून कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. यास्तव नव्या वाहनाबरोबर मिळणाऱ्या सांकेतिक किल्लीचे कार्य समजून घेणे व तिची नीट निगा राखणे अगत्याचे आहे.

किल्लीचे कार्य

साधी किल्ली केवळ दात्यांच्या आकारामुळे कुलूप फिरवते. सांकेतिक किल्लीच्या मुठीत याखेरीज एक लहानशी चिप असते व इंजिनच्या कुलपाभोवती तारेचे वेटोळे बसविलेले असते. किल्ली फिरविताच या वेटोळ्यापासून चिपला ऊर्जा मिळते व ती आपला संकेत कळविते. त्यासाठी किल्लीत बॅटरी असावी लागत नाही. इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक हा संकेत पडताळून पाहतो. तो जुळला नाही, तर इंजिन सुरू होत नाही किंवा क्षणभर चालून बंद पडते. या यंत्रणेस इमोबिलायझर म्हणतात. नेदरलँड्समधील १९९५ ते २००८ या काळाच्या अभ्यासात, तिच्यामुळे मोटारचोरीचे प्रमाण सरासरी सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळून आले.

दारे उघडण्याची बटणे मात्र किल्लीतील नाण्याएवढ्या बॅटरीवर चालतात. ती बॅटरी संपल्यास दार किल्लीने उघडावे. इंजिन पूर्ववत सुरू होते. बटण दाबून सुरू होणाऱ्या वाहनात अशा वेळी किल्ली कोठे टेकवावी, हे माहितीपुस्तिकेत आधीच पाहून ठेवावे.

घ्यावयाची काळजी

१. दुसरी किल्ली व किल्लीच्या क्रमांकाची पट्टी घरी कुलूपबंद ठेवावी; वाहनात कधीही ठेवू नये.

२. रस्त्यावरील कारागिराने केवळ दाते कापून दिलेल्या किल्लीने दार उघडेल, परंतु इंजिन चालणार नाही. नव्या किल्लीची नोंद वाहनाच्या संगणकात अधिकृत कार्यशाळेतून करून घ्यावी.

३. किल्ली हरवल्यास तिचा संकेत त्वरित रद्द करून घ्यावा. दोन्ही किल्ल्या हरवल्यास खर्च बराच वाढतो.

४. जुने वाहन घेताना सर्व किल्ल्या मागून घ्याव्यात व पूर्वीच्या मालकाकडे राहिलेल्या किल्लीचे संकेत काढून टाकावेत.

५. चिप असलेल्या दोन किल्ल्या एकाच कडीत अडकवू नयेत. त्यामुळे संकेत वाचण्यात अडथळा येऊ शकतो.

यंत्रणेच्या मर्यादा

वाहन ओढून अथवा मालमोटारीवर चढवून नेले, तर संकेताचा उपयोग होत नाही. किल्ली खिशात असतानाच दार उघडणाऱ्या वाहनांच्या बाबतीत, घरातील किल्लीचे संकेत उपकरणांच्या साहाय्याने वाहनापर्यंत पोहोचवून चोऱ्या झाल्या आहेत. अशी किल्ली दाराजवळ टांगू नये. धातूच्या बंद डब्यात ठेवावी व तो डबा वाहनाजवळ नेऊन दार उघडत नाही याची खात्री करून घ्यावी.

ट्रॅक्टरची स्थिती याहून निराळी आहे. पुष्कळ ट्रॅक्टरांची किल्ली साधी असते व ती त्याच बनावटीच्या दुसऱ्या ट्रॅक्टरलाही लागू पडते. म्हणून रात्री ट्रॅक्टर शेतात न सोडता घराजवळ आणावा, चाकास साखळी व कुलूप लावावे आणि बॅटरीचा प्रवाह तोडणारा खटका सहज न दिसेल अशा जागी बसवून घ्यावा.

चोरी झाल्यास

पोलीस ठाण्यात विनाविलंब फिर्याद नोंदवावी व विमा कंपनीस कळवावे. भरपाईच्या वेळी विमा कंपनी सामान्यतः दोन्ही किल्ल्या मागते. एक किल्ली वाहनातच राहिली होती असे दिसून आल्यास निष्काळजीपणाचा आक्षेप येऊन दावा अडू शकतो. सारांश, संकेत कितीही अवघड असला, तरी किल्ली सांभाळणाऱ्याची दक्षता हीच त्या यंत्रणेची खरी ताकद होय.